तारखावाटप

जानेवारी ते मार्चचं रजिस्टर आज उघडलं.
पानं अजून एकमेकांना चिकटलेली.
दिवसाचे तीन रकाने: सकाळ, दुपार, रात्र.
दुरुस्तीचे सोमवार तांबड्या शाईनं आधीच बाद,
बाकी सगळं पेन्सिलीनं.
शाई वापरायची नाही, हे पहिल्याच वर्षी शिकलो,
एका नायकाचा घसा बसला
आणि मला अख्खा फेब्रुवारी खोडावा लागला तेव्हा.

दहाच्या ठोक्याला जिन्यावर चपला.
निर्माते, निर्मात्यांचे पुतणे, पुतण्यांचे मॅनेजर.
सगळ्यांना शनिवारची रात्र हवी.
शनिवार तेरा आहेत, मी सांगतो.
ते मान हलवतात, आणि पुन्हा शनिवार मागतात.
भालबा कर्णिक पेढे घेऊन आले.
पेढा खाल्ला, बुधवार दिला.
पेढा बरा होता, म्हणून दुपारचा नाही, रात्रीचा.

टिपणीसबाईंच्या बालनाट्यात बेचाळीस मुलं.
‘परीक्षा बघून सकाळ द्या,
आमच्या अस्वलाचं गणित कच्चं आहे.’
अलमेलू मॅडम वसंत विहारहून पंचांग घेऊन.
शिष्येचं अरंगेत्रम, आणि मी दिलेली वेळ नेमकी राहुकाळात.
दोघांनी मिळून तो वीस मिनिटं मागं सारला.
कागदावरच. सूर्याला कळवलं नाही.

मधल्या सुट्टीत खिडकीशी उभा राहिलो.
मासुंद्याचं पाणी उन्हात पत्र्यासारखं,
काठावर एक पोरगा पेडल-बोटींना पोपटी रंग देत होता,
एकेका बदकाला पुन्हा डोळे काढत.
त्याचाही हंगाम सुरू व्हायचा असेल.

पाच वाजता, रजिस्टर मिटता मिटता, मेस्त्री आले.
दिवसा वागळे इस्टेटीत लेथवर,
नखांत तेल, खिशात मंडळाचा शिक्का.
‘फेब्रुवारीतली अवस कोणी घेतली?’
कोणी नाही. अवस कोण घेतो?
‘मगे ती आमका द्या.’
भाडं तेवढंच पडेल, मेस्त्री.
‘पडांदे. आमचो राकेस काळोखातच बरो दिसता.’
आणि बाराला पडदा पाडावा लागेल.
‘बाराक?’ ते इतके हसले की खुर्ची करकरली.
‘बाराक तर आमचो राजा मिशी लावता!’
तरी सही केली. ळ काढताना जीभ बाहेर.

सगळे गेले.
मी अंधाऱ्या प्रेक्षागृहात जाऊन बसलो, जी रांगेत,
जिथली अकरा नंबरची खुर्ची तिसऱ्या अंकात कुरकुरते,
असं लोक तक्रारवहीत लिहितात.
मला ठाऊक नाही.
अठ्ठावीस वर्षं मध्यंतराच्या घंटेला मी उठत आलो,
तिकिटांची अर्धुकं मोजायला, गल्ला जुळवायला.
माझ्याकडं फक्त सुरुवाती आहेत.
पत्र आलेलं, कोणी उघडलेलं नाही.
मुलगी दारात, आई अजून आत.
बंदूक भिंतीवर. मग घंटा.
नंतरचं सगळं भिंतीपलीकडून:
हशा, खोकला, शांतता,
मग टाळ्या, कमी की जास्त, एवढंच.
बायको विचारायची, शेवटी काय झालं?
मी म्हणायचो, सत्तेचाळीस हजार सहाशे.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला मी निवृत्त होतो.
अवस त्याच्यानंतर येते.
रजिस्टर परत उघडलं,
मेस्त्रींच्या रकान्यात, कोपऱ्यात,
बारीक पेन्सिलीनं लिहिलं: जी अकरा, राखीव.
पैसे माझे मी भरले, पावती फाडली,
नाव घालताना जरा अडखळलो.
दिवे घालवताना आठवलं,
त्यांच्या खेळाला मध्यंतर असतं की नाही,
विचारायचं राहूनच गेलं.